लेकरांच्या नावावर खाडा मांडू नका

धर्मापुरी आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या माय-माउल्यांनो, बापलोकांनो, गुरुजी, मॅडम, सरपंच, मुकादम मंडळी आणि सुट्टीला गावी आलेल्या पोरापोरींनो,

पाचवी-आठवीच्या फेरपरीक्षेला मोजके दिवस उरलेत, म्हणून हे घाईनं लिहितोय. सवडीनं लिहिलं असतं तर जरा बरं लिहिलं असतं.

ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचं, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याचं, एक पान असतं. वर नवरा-बायकोचं नाव, त्याखाली उचल, मग पंधरवड्याची बिलं, आणि कडेला खाडे. ताप आला, बाई बाळंत झाली, गावाकडं कुणी वारलं, कारण काहीही असो. त्या दिवशी फडात उतरला नाहीत तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वरून दंड अंगावर चढतो. मी कोपीत वाढलेला माणूस. मला बाराखडी नीट येत नव्हती तेव्हापासून त्या वहीतला 'खा' ओळखू येतो, कारण तो दिसला की माय गप्प व्हायची.

१ मे रोजी झेंडावंदन झालं आणि निकाल वाटले गेले. जवळच्याच एका शाळेच्या आवारात (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही) आठवीतली एक पोरगी प्रगतिपुस्तक उघडून माझ्यापुढं उभी राहिली. गणितात ६० पैकी १३. पास व्हायला २१ लागतात. तिनं बोटावर मोजलं आणि म्हणाली, "मामा, हे आठ गुण म्हणजे माझे खाडेच ना?"

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात एक सर फेरपरीक्षेची नावं मोठ्यानं वाचू लागले. सगळ्या शाळेसमोर, पहिलीच्या लेकरांपासून पालकांपर्यंत सगळे ऐकत होते. त्याआधी पहिल्या तिघांना वह्या आणि टाळ्या मिळाल्या होत्या. पोरगी नाव यायच्या आधीच फाटकाबाहेर गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. शिक्षणहक्क कायद्यानं आधी आठवीपर्यंत कुणालाही मागं ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये संसदेनं कायदा बदलला आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मूल त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये तसा नियम केला. पाचवीला विषयाला ५० गुण, पास व्हायला १८. आठवीला ६०, पास व्हायला २१. नापास झालं तर शाळेनं जादा मार्गदर्शन करायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही लेकराला शाळेतून काढता येत नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा, कारण "पोरगं नापास झालं, आता घेऊन जा" असं कुणी तोंडी म्हणालं तर ते कायद्यात बसत नाही.

आता आमच्या भागातलं वर्ष कसं असतं ते पाहा. जूनमध्ये शाळा भरते. दिवाळी होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात, आणि सांगली-कोल्हापूर-सातारा नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला आपली घरं लागतात. कारखान्याचा पट्टा पडून माणसं परत येईपर्यंत मार्च उजाडतो, कधी एप्रिल. आठवीच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात शेवटी 'सूट व कमिशन' आहे. दिवाळीनंतर दुसरा भाग: बहुपदींचा भागाकार, सांख्यिकी, एकचल समीकरणे, चक्रवाढव्याज, क्षेत्रफळ, पृष्ठफळ व घनफळ, वर्तुळ. ती पोरगी पहिला भाग शाळेत बसून शिकली. दुसरा भाग वर्गात शिकवला जात होता तेव्हा ती फडात वाढे बांधत होती आणि धाकट्या भावाला सांभाळत होती. परीक्षेत दुसरा भाग आला. १३ गुण कुठून आले आणि कुठले गेले, हे समजायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

आणि तिला गणित येत नाही असं कुणी म्हणू नये. २०२४ च्या करारात ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. पंधरवड्यात २८ टन झाले तर किती, असं मी तिला बसल्या बसल्या विचारलं. कागद न घेता, ओठ हलवत तिनं १०,२४८ सांगितलं, आणि वर विचारलं, "खाडे धरून का सोडून?" बापाचा हिशेब तीच ठेवते. ही परीक्षा तिची हुशारी मोजत नाही, तिची गैरहजेरी मोजते. त्या गैरहजेरीत तिचा दोष एका पैशाचा नाही.

"मग काय सगळ्यांना पुन्हा ढकलपास करायचं?" हे विचारणारे भेटतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. ढकलपासनंही आपल्याला फसवलंच होतं. आठवीच्या पोराला दुसरीचा धडा अडखळत वाचावा लागतो, हे या गावात प्रत्येकानं पाहिलंय. पण फसवणूक पुढच्या वर्गात पाठवण्यात नव्हती. न शिकवता पाठवण्यात होती. आता न शिकवता मागं ठेवलं तर दुरुस्त काय झालं? जो भाग चुकला तो पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा चुकणारच आहे. टोळी पुन्हा जाणार, दुसरा भाग पुन्हा फडात.

आठवीत मागं राहिलेल्या मुलीचं आपल्याकडं काय होतं, हे मी सांगायची गरज नाही, पण लिहून ठेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मुलगी शाळेत टिकली तर स्थळं जरा थांबतात. "नापास झाली" हा शब्द घरात आला की मामा, आत्या, मुकादम सगळ्यांना एकदम सुचतं, नवीन कोयता तयार आहे. पोराचंही तेच, फक्त दोन वर्षं उशिरा. अमेरिकेतल्या शिकागो शहरानं १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीत ठरावीक चाचणीच्या गुणांवर मुलांना मागं ठेवायला सुरुवात केली होती. पुढं अभ्यासकांनी तपासलं तेव्हा दिसलं की आठवीत मागं ठेवलेल्या मुलांची शाळा सुटण्याची शक्यता वाढली. तिथं ऊसतोड नव्हती, मुकादम नव्हता, तरीही.

बक्षिसांबद्दल बोलायला मला जरा संकोच वाटतो, कारण सत्कारांच्या पहिल्या रांगेत मीही बसलोय. बाहेरचा माणूस धर्मापुरीत येतो तो केदारेश्वराची शिल्पं बघायला. त्याच्या नजरेला आधी पडतात आपले फ्लेक्स. गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन, खाली चार फोटो, त्याखाली शुभेच्छुकांचे चौदा. शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात, तो विषय वेगळा. ज्यांचे फोटो असतात त्यांनी मेहनत केलेली असते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांतले किती जण लातूरला क्लासला होते आणि किती जणांचे आईबाप फडात होते, हे एकदा विचारून पाहा. ज्याच्या घरी आधीच दिवा आहे त्याच्याच दारात आपण पुन्हा दिवा लावतोय.

बक्षीस निकालाला द्यायचं की शाळेत येण्याला, हा प्रश्न नवा नाही. १८६२ मध्ये इंग्लंडनं ठरवलं की तपासनीसानं वाचन, लेखन, अंकगणित तपासायचं आणि जितकी मुलं पास, तितकं शाळेला अनुदान. तीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात या निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल स्पष्ट लिहिलं की गरीब, अडाणी ठेवलेल्या लोकांच्या शिक्षणाला ती योग्य नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जिवावर शाळा काढून कुणी शिक्षक पोट भरू शकणार नाही. आणि त्याच निवेदनात त्यांनी सढळ शिष्यवृत्त्या आणि सहामाही-वार्षिक बक्षिसं मागितली, लोकांनी मुलं शाळेत पाठवावीत आणि शिकण्याची गोडी लागावी म्हणून. म्हणजे जोतीराव बक्षिसाच्या विरोधात नव्हते. बक्षीस शाळेत येण्यासाठी द्या, निकालाच्या सौद्यासाठी नको, एवढाच फरक त्यांनी केला. इंग्रजांनी स्वतःच्या देशात ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुंडाळली. आपण फ्लेक्सवर अजून चालवतोय.

सरकारही येण्याला पैसे देतं, पण किती? दारिद्र्यरेषेखालच्या काही समाजांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून उपस्थिती भत्ता आहे, दिवसाला १ रुपया. तेव्हा एका रुपयात काय यायचं आणि आज काय येतं, ते तुम्हीच ठरवा. अमेरिकेत काही शहरांनी मुलांना चांगल्या गुणांसाठी रोख पैसे देऊन पाहिले, त्यानं फरक पडला नाही. डॅलस शहरात मात्र दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागं दोन डॉलर दिले, तिथं वाचन सुधारलं. कारण साधं आहे. "जास्त गुण आण" म्हटलं तर काय करायचं हे लेकराला कळत नाही. "हे पुस्तक वाच" म्हटलं तर कळतं.

एवढ्या प्रास्ताविकाबद्दल माफ करा. आता मागणं.

आई-बापहो, प्रगतिपुस्तक पेटीतून काढा आणि आजच वाचून घ्या, नसेल येत तर शेजारच्या पोराकडून. पाचवी-आठवीच्या लेकराच्या पुढं फेरपरीक्षेचा शेरा असेल तर शाळेत जाऊन तारीख विचारा आणि कागदावर लिहून घ्या. लगीनसराई आहे, मला माहीत आहे. पण त्या तारखेला लेकराला वऱ्हाडात नेऊ नका. वीटभट्टीवर असाल तर लेकरू आजीकडं पाठवा, आठ दिवस आधी. आणि कृपा करून त्याला मारू नका. तुमच्या पाठीमागं ते सहा महिने फिरलं, त्याचं बिल त्याच्याकडून वसूल करू नका.

गुरुजी, मॅडम, तुमच्यावर किती कामं लादलेली असतात ते आम्ही पाहतो. माहिती भरा, फोटो टाका, निवडणूक आली की मतदार मोजा. सुट्टी तुमचीही आहे. तरी फेरपरीक्षेआधीचं मार्गदर्शन हे नियमातलं काम आहे आणि ते कागदावर उरकू नये. तुम्ही एवढंच करा. प्रत्येक लेकराच्या नावापुढं लिहून द्या, कुठल्या विषयातला कुठला धडा अडलाय. राज्यभर एकाच पेपरनं होणाऱ्या नियतकालिक चाचण्यांचे पेपर तुमच्याकडं तपासलेले पडले आहेत. त्या चाचण्या मूल कुठं अडलं हे शोधायलाच आहेत, पास-नापासाला नाहीत. ते गठ्ठे उघडा. पुढचं शिकवायला माणसं आम्ही आणतो. आणि नावं मोठ्यानं वाचणं आजपासून बंद. मारणंच नाही, मानसिक छळ करणंही शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मना केलंय. सगळ्या गावापुढं "नापास" म्हणून पुकारणं त्यात बसतं की नाही, यावर वाद घालायचा असेल तर त्या फाटकाबाहेर गेलेल्या पोरीशी घाला.

संस्थाचालकांना एक वेगळी विनंती. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतच कच्ची पोरं गाळायची, "पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भर" म्हणून वाटेला लावायचं, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित आहे. १७ नंबरचा फॉर्म हा शाळा सुटलेल्यांना परत येण्यासाठी आहे, शाळेत असलेल्यांना बाहेर काढण्यासाठी नाही. शंभर टक्क्यांचा बोर्ड गेटवर लावताना नववीत किती होते आणि दहावीला किती बसले, हेही खाली लिहा. आम्हाला ते आकडे हवे आहेत.

फ्लेक्सवाल्यांनो, एका फ्लेक्सच्या पैशात आठ-दहा लेकरांच्या कंपासपेट्या, वह्या, पेनं येतात. यंदा एक सत्कार असा करा: फडावरून आल्यावर जे लेकरू तिसऱ्या दिवशी शाळेत हजर झालं, त्याचा. गुण विचारू नका.

मुकादमांना मी दोष द्यायला बसलेलो नाही, त्यांतले निम्मे माझ्याबरोबर मोळ्या वाहिलेले आहेत. पण यंदा उचल वाटाल तेव्हा त्याच वहीत, त्याच पानावर, उचलीच्या खाली आणखी एक ओळ लिहा: घरात लेकरं किती, कुठल्या वर्गात. ती यादी दसऱ्याच्या आत शाळेत द्या. हंगामी वसतिगृह मंजूर होतं ते स्थलांतरित पालकांच्या यादीवर. यादी उशिरा गेली की वसतिगृह डिसेंबरात उघडतं, तोवर लेकरं ट्रॉलीत बसून गेलेली असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असतात, तसा कायदाच आहे. त्या बायकांनी ऑगस्टच्या बैठकीत हा एकच विषय लावून धरावा. समितीत आपलं नाव आहे हे कित्येकींना सह्यांपुरतंच माहीत असतं. माउल्यांनो, सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली, त्यात पाचवीपासून प्रवेश असतो. अर्ज जूनमध्येच करायचा, टोळी निघाल्यावर नव्हे.

आणि पुण्याहून, संभाजीनगरहून, लातूरहून सुट्टीला आलेल्या पोरापोरींनो, खरी गरज तुमची आहे. फेरपरीक्षा होईपर्यंत रोज सकाळी ७ ते ९. ऊन चढायच्या आत संपतं. एकानं दोन लेकरं घ्यायची, जास्त नाही. सगळा अभ्यासक्रम शिकवायचा नाही, तेवढा वेळच नाही. अडलेले दोन किंवा तीन धडे घ्यायचे. पाचवीच्या लेकराला अपूर्णांक येत नसेल तर भाकरी मोडून दाखवा. इंग्रजीचा पेपर असेल तर रोज दहा शब्द, वाचून, लिहून. शिकवता येत नसेल तर नुसते शेजारी बसा आणि लेकरू उठून पळणार नाही एवढं बघा, तेही काम आहे.

मी त्या पोरीला परवापासून चक्रवाढव्याज शिकवतोय. पुस्तकातली उदाहरणं बँकेची होती, तिला बँक माहीत नव्हती. मग उचल घेतली. मुद्दल ५०,०००, द.सा.द.शे. १०, मुदत दोन वर्षं. पहिल्या वर्षी ५५,०००, दुसऱ्या वर्षी त्यावर पुन्हा १० टक्के. तिनं पाटीवर मांडलं, एकदा चुकली, पुसलं, पुन्हा मांडलं, आणि ६०,५०० काढलं. मग बराच वेळ पाटीकडं बघत राहिली.

"मामा, मग आमच्या पानावर सत्तर कसे?"

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता ग्रामपंचायतीसमोर या. प्रगतिपुस्तकं आणा, आठवीचं गणिताचं पुस्तक कुणाच्या माळ्यावर असेल तर तेही. खडू मी आणतो.

— तुमच्यातलाच एक, कोपीत वाढलेला